तांबडी साय

बातमी अजून छापून यायची होती, आणि जिथं लागायची तिथं ती लागून मोकळी झाली होती.

शुक्रवारी सकाळी साडेसातला सांडूचा फोन आला. मी गारखेड्यातल्या घराच्या गॅलरीत, चहाचा कप कठड्यावर ठेवून आमच्याच पेपरचा अंक चाळत होतो. फोनमध्ये मागं बसचे हॉर्न, बाइकांची घरघर. म्हणजे पोरगं वाळूजला, कंपनीच्या गेटवरच उभं होतं.

"काका, मला आत घेईनात."

"का रं?"

"शिफ्टची बस आत गेली. मला एकट्यालाच खाली उतरवलं. सुपरवायझर म्हणला, तुझी आई पेपरवाल्याला काय काय सांगती म्हणं विहिरीचं." मग म्हणाला, "आईचं नाव कुणी सांगितलं, काका?"

"मी नाय सांगितलं."

"तुमी सांगितलं असं कोण म्हणलं?"

आणि त्यानं फोन ठेवला.

सांडू सहा वर्षं त्या कंपनीत कंत्राटावर होता. सोमवारी कायम होणाऱ्यांची यादी लागायची होती, आणि तीत आपलं नाव आहे अशी पक्की खबर त्याला लागली होती. ह्या एका गोष्टीसाठीच त्याच्या आईनं, द्वारकाबाईनं, माझ्याकडून शब्द घेतला होता की तिचं नाव बातमीत येणार नाही. पस्तीस वर्षं मी बातमीदारी केली. लोकांची नावं छापण्यापेक्षा झाकण्यातच माझी जास्त हयात गेली. मी झाकलेलं नाव आजवर कुणाला दिसलं नव्हतं.

चहावर साय धरली होती. मी तो तसाच मोरीत ओतला.

पांढरवस्ती म्हणजे कंपनीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून बसलेली चाळीस घरं. मंगळवारी मी आणि फारूख तिथं गेलो होतो. फारूख आमचा फोटोग्राफर. अठरा वर्षं माझ्या गाडीवर मागं बसून त्यानं हा जिल्हा पाहिला. द्वारकाबाईनं विहिरीत बादली सोडली, वर ओढली आणि पायरीवर आणून ठेवली. दुधावर धरावी तशी पाण्यावर साय होती. तांबडी. तिनं बोटानं ती बाजूला सारली. बोट काढलं तशी ती पुन्हा मिटली, झोपल्या लेकराची पापणी मिटावी तशी.

"गाईला हेच पाजता का, आक्का?" मी विचारलं.

"गाय शाणी हाय. तोंड लावीत नाय. मानसालाच कळंना."

तिनं दारातली अर्धी शिवलेली गोधडी दाखवली. ह्या पाण्यात एकदाच धुतलेली. पांढऱ्या दोऱ्याचे टाके चहात बुडवून काढल्यासारखे झाले होते. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे सगळं लिवा. पर माझं नाव नगं, पोराचं नगं. गावाचं घाला. गाव काय कुनाच्या नोकरीला नाय."

मी शपथ म्हणून गळ्याला हात लावला. फारूखनं तर माझ्याहून जास्त काळजी घेतली. चेहरा घेतलाच नाही. फक्त बादलीवर वाकलेले दोन हात. तेही काढण्याआधी म्हणाला, "मावशी, वो पाटली जरा पदराखाली सरकवा. पाटलीवरनं बी मानूस पैचानते लोगां."

निघता निघता ती बादली विहिरीवर उपडी करत, कुणाकडंच न बघता, गुणगुणली:

*हिरीच्या पाण्यावर, तांबडी आली साय*
*पिशोरच्या रामकिसना, तुझ्या बहिणीनं प्यावं काय*

मी जागच्या जागी थांबलो. माझ्या आजीच्या जात्यापासून मी ओव्या गोळा करत आलोय. घरातलं जातं गेलं, कोपऱ्यातली त्याची गोल खूण गेली, पण कुठं एखादी ओवी कानावर पडली की पीठ पडल्यासारखं काहीतरी आत भुरभुरतं. "आक्का, ही घेऊ का बातमीत?"

"घ्या की. ओवी काय कुनाची असती? बाया म्हनत्यात."

बुधवारी मी बातमी लिहिली. शेवट त्या ओवीनं केला. किती दिवसांनी माझं मलाच लिहिलेलं आवडलं होतं.

आता गॅलरीत उभा राहून मी एकेक माणूस तपासत होतो. बातमी कचेरीत, डेस्कवर गेली होती. पण डेस्कला नाव ठाऊक नव्हतं. बातमी कंपनीची बाजू मागवायला कंपनीकडं गेली होती. पण तीतही नाव नव्हतं, मी दोनदा वाचून बघितलं होतं. नाव ठाऊक असलेली माणसं चारच. ती, तिचा लेक, मी.

आणि फारूख.

एकदा संशयाचं बी पडलं की त्याला पाणी घालावं लागत नाही. मागच्या महिन्यात कंपनीच्या कॅलेंडरचे फोटो कुणी काढले? फारूखनं. काल दुपारी तो फोन उचलत नव्हता. रात्री म्हणाला, वाळूजला होतो, एक साखरपुडा होता. गुरुवारी साखरपुडा? आणि हल्ली चहा पिताना तो मोबाइल टेबलावर पालथा ठेवायचा. अठरा वर्षांत मी कधी त्याचा मोबाइल सुलटा आहे की पालथा, हे बघितलं नव्हतं. त्या सकाळी मला एवढंच आठवत राहिलं.

शहागंजात त्याचा छोटा स्टुडिओ आहे. मी पोचलो तेव्हा तो कुण्या पोराचा पासपोर्टचा फोटो कापत होता.

"कडूबा भाई! इत्ते सबेरे? बैठो, चाय मंगाता."

"चहा नको. कंपनीत कुणाशी बोललास?"

त्याची कात्री थांबली नाही. एक फोटो कापला, दुसरा कापला. चारही फोटो पाकिटात घालून पोराला दिले, पोरगं जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "क्या हुआ?"

मी सांगितलं. सांगताना त्याच्याकडं बघायचं टाळलं. फारूखनं खिशातला मोबाइल काढला, कुलूप उघडलं आणि माझ्यापुढं सरकवला.

"देखो. सब देखो. साखरपुड्याचे चारशे फोटो हैं, वो भी देखो. नवरी कैसी है बताओ."

"तसं नाही रे..."

"तसंच है, भाई." आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मैंने मावशीची पाटली तक झाकली. अब तुम क्या क्या झाकले, वो जाके देखो. और एक बात बोलूं? मोबाइल मैं पालथा रखता, कायको के काच तडकी है. तुमारे सामने शरम आती."

मी त्या मोबाइलकडं पहिल्यांदा नीट बघितलं. काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाळं होतं.

मी उठलो. मागून त्यानं नेहमीसारखं "संभलके जाओ" म्हटलं नाही.

मग उरला कोण? एकच दार उरलं होतं, आणि तिथं मला जायचं नव्हतं, कारण ते दार मीच बसवलेलं होतं.

आप्पासाहेब. आठ वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली बातमी लिहायला शिकलेला, पिशोरकडचा चुणचुणीत गडी. आता त्याच कंपनीचा जनसंपर्क अधिकारी. आम्हा सगळ्या बातमीदारांचा 'माध्यम मित्र' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप तोच चालवतो. पूर्वी कंपनीचा माणूस टाइप केलेला कागद घेऊन कचेरीत यायचा, बाकावर ताटकळायचा. आता मोबाइल वाजतो आणि तयार बातमी हातात पडते: मथळा, फोटो, फोटोखालची ओळ, सगळं. खाली आपलं नाव घातलं की झालं. एकाच दिवशी पाच पेपरांत एकच बातमी पाच जणांच्या नावानं येते आणि पाचही जण एकमेकांचं अभिनंदन करतात. त्या पाचांत मी होतो.

आप्पासाहेबाच्या केबिनमध्ये भिंतीवर कात्रणं काचेत लावलेली. रक्तदान, वृक्षारोपण, गुणवंतांचा सत्कार. तीन कात्रणांवर माझं नाव होतं.

"या, सर. मला वाटलंच येताल." त्यानं उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली. अजूनही ओढतो.

"आप्पा, खरं सांग. तुला नाव कुणी दिलं?"

"तुम्ही."

"चेष्टा नको."

"तुमची चेष्टा करीन व्हय, सर?" त्यानं मोबाइलवर बुधवारचा माझाच निरोप काढला. *कंपनीची बाजू द्यावी.* आणि खाली अख्खी बातमी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या ओवीपर्यंत.

पूर्वी मी कंपनीला फोन लावून दोन प्रश्न विचारायचो: विहिरीचं पाणी असं झालंय, तुमचं म्हणणं काय? बातमी दाखवायचो नाही. मग कधीतरी सवय पडली. प्रश्न लिहीत बसण्यापेक्षा बातमीच पुढं ढकलून द्यायची, उत्तर लवकर येतं. सगळेच करतात. नाव काढलेलं असलं म्हणजे झालं.

आप्पासाहेब ओवी मोठ्यानं वाचू लागला. माझी शिकवण, शब्द खाल्ले नाहीत.

"पिशोरच्या रामकिसना," त्यानं वाचलं आणि थांबला. "सर, पिशोरला रामकिसनचं बी-बियाण्याचं दुकान होतं. आमच्या घरी बियाणं तिथूनच यायचं. त्याची बहीण पांढरवस्तीला दिली. लग्नात माझ्या वडलांनी पंगतीला बुंदी वाढलीय. दुसरी कोणती बहीण असंल?"

माझ्या कानशिलात कुणी सणसणीत लावावी तसं झालं. मी ओवीत हजारदा भावांची नावं ऐकली, वहीत लिहून घेतली. ह्या नावांना कुठं दुकान असतं, रस्ता असतो, त्यांच्या बहिणीला सासर असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बायका जात्यावर उगाच नावं घेत नव्हत्या. ज्याला हाक पोचावी, त्याचंच नाव घेत होत्या. मी मात्र ते नाव नक्षी समजलो.

"तू वर सांगितलंस?"

"वरच्यांनी विचारलं, ही बाई कोण असावी. मी म्हणालो, असावी अमुक." त्यानं टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "मला वाटलं, जाऊन समजूत घालतील. सर, अजून काय बिघडलेलं नाय. बातमी थांबवा. सोमवारी सांडू आत. मी शब्द देतो."

"शब्द मीही दिला होता," मी म्हणालो.

त्यानं पेपरवेट थांबवला. पण माझ्याकडं बघितलं नाही.

पांढरवस्तीकडं गाडी वळवताना मला पहिल्यांदा वाटलं, आपण परत फिरावं. सांडू ओट्यावर बसला होता, कंपनीचा निळा शर्ट अंगात. द्वारकाबाई गोधडीला टाके घालत होती. मी चपला काढल्या आणि उभ्यानंच सांगून टाकलं. फारूख नाही, डेस्क नाही, कुणी नाही. मी. ओवी मी घातली, ती बातमी छापायच्या आधी कंपनीला मी दाखवली.

तिचा टाका अर्ध्यात थांबला.

"म्हंजी माझी ओवी मला इचारून घेतली," ती म्हणाली, "आन वाचली आदी कंपनीनं?"

"व्हय, आक्का."

"मला कधी वाचून दावनार व्हता?"

पस्तीस वर्षांत ज्याची बातमी त्याला मी आधी कधीच वाचून दाखवली नव्हती. ते पत्रकारितेत बसत नाही, असं मीच पोरांना शिकवायचो. कंपनीला दाखवणं मात्र बसत होतं.

"काका, बातमी मागं घ्या," सांडू म्हणाला. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "नायतर ह्याच्यावर सही मागत्यात. सही केली की उद्यापासनं आत."

मी कागद उलगडला. भाषा सफाईदार होती. प्रत्येक वाक्य आपल्या जागी, कुठं एक शब्द जास्त नाही. ही भाषा मला ओळखीची होती. आप्पासाहेबाला ती मीच शिकवली होती. *माझ्या आईची दृष्टी वयोमानानुसार अधू झाली असून तिला रंग नीट ओळखता येत नाहीत. पाण्याच्या रंगाबाबत तिचा गैरसमज झाला आहे.*

मी ते वाचून दाखवलं. द्वारकाबाई ऐकत होती. मग तिनं सुई उजेडात धरली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि एका दमात ओवून घेतलं.

"अधू म्हंजी काय रं?" तिनं लेकाला विचारलं.

"आंधळी."

"मग कर सही. तुझं कल्यान व्हतंय तर मी आंधळी."

सांडू त्या सुईकडं बघत होता. पलीकडं भिंतीआड दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला. त्याची मान सवयीनं वर उठली, आणि खाली आली.

"ल्हानपनापासनं तुझ्या टाक्यावर झोपलो मी," तो म्हणाला. "म्या कसं लिवू तुला दिसत नाय?" आणि कागद माझ्या हातातून काढून घेण्याऐवजी त्यानं परत माझ्याच हातात दाबला. "ठिवा तुमच्यापाशी. सोमवारी यादीत नाव नसलं, तर ह्यो बी छापा."

"आक्का, विचार करा," मी म्हणालो. माझ्याच आवाजाचा मला भरवसा वाटेना. आप्पासाहेबाचा निरोप तर मी पोचवत नव्हतो?

"इचार कसला? नाव तर गेलंच. आता झाकून काय ऱ्हायलंय." तिनं गोधडी बाजूला सारली आणि पाटावर हात ठेवला. "बसा. वाचा. पयल्यापासनं."

मी मोबाइलवर बातमी काढली आणि वाचू लागलो. तिनं मला चार ठिकाणी अडवलं. मी 'सहा महिन्यांपासून' लिहिलं होतं. ती म्हणाली, दोन पावसाळे. मी 'ग्रामस्थांमध्ये संतापाची लाट' लिहिलं होतं, ती म्हणाली, "कुटं हाय लाट? सगळी भेत्यात. भेत्यात असं लिवा." 'एका वृद्ध महिलेनं सांगितलं' इथं तिनं बोट ठेवलं. अक्षर तिला येत नव्हतं, पण जागा बरोबर धरली. "हितं माझं नाव घाला. पुरं."

तिची नजर माझ्या अंगठ्यावर होती. नाव घातलं की घातल्यासारखं केलं, हे ती तपासत होती. मी तिला दोष दिला नाही. मी सांडूकडं मोबाइल दिला, त्यानं वाचलं आणि मान हलवली, तेव्हा कुठं ती पुढं सरकली.

"फोटोत हातच हायेत," सांडू म्हणाला.

मला फारूखला फोन करावा लागला. तो लगेच उचलेल असं वाटलं नव्हतं, पण उचलला. मी म्हणालो, मावशीला चेहरा द्यायचाय. तो फक्त "आता मैं" एवढंच म्हणाला. तासाभरानं आला. ओट्यासमोर गुडघा टेकून बसला आणि म्हणाला, "मावशी, सुई में दोरा डालो. वैसेच. जल्दी नक्को करू." तिनं पुन्हा सुई उजेडात धरली, आणि ह्या वेळी पाटली पदराबाहेर होती. मग त्यानं माझ्या हातातला कंपनीचा कागद घेतला, ओट्यावर पसरला, चारी कोपऱ्यांना खडे ठेवले आणि त्याचाही फोटो काढला. सगळं झाल्यावर माझ्याकडं न बघता बोलला, "चाय पिऊंगा मैं. पन पानी घरसे लाया है, वो बाटली का डालो मावशी."

सांडू हसला. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं.

शेवटी ओवी उरली.

"ती राहू दे का काढू?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. पर माझ्या भावाचं नाव काढा. त्यो बिचारा दुकान इकून पोराकडं पुन्याला गेला. त्याच्या दारात कशाला कुनी जावं?"

"मग तिथं काय घालू?"

ती चुलीकडं वळली होती. वळता वळताच, जणू आधीपासून ठरवून ठेवल्यासारखी, गुणगुणली:

*हिरीच्या पाण्यावर, तांबडी आली साय*
*गारखेड्याच्या कडूबा, तुझ्या बहिणीनं प्यावं काय*

फारूखची बशी ओठाशी थांबली.

"आक्का," मी म्हणालो, "बातमीदाराचं नाव असं बातमीच्या आत येत नसतं."

"माझं बी येत नव्हतं."

त्या ओवीत माया होती का, की जामीन? मी आजही ठरवू शकलेलो नाही. बहीण म्हणून तिनं मला जवळ घेतलं, की पळायची वाट बंद केली? बहुधा तिला दोन्हीत फरक वाटत नसावा. मी ओळ बदलली आणि बातमी डेस्कला पाठवली. कंपनीला फक्त दोन प्रश्न पाठवले.

चहा संपायच्या आत आप्पासाहेबाच्या नावाखाली 'टायपिंग' असं उमटलं, विझलं, पुन्हा उमटलं, आणि विझलं ते विझलंच. मग डेस्कवरून निरोप आला: *सर, ओवीत चुकून तुमचं नाव पडलंय. काढतो.*

"काय म्हनत्यात?" द्वारकाबाईनं विचारलं.

मी वाचून दाखवलं.

ती गोधडी मांडीवर ओढून टाका घालू लागली. फक्त सुई नेहमीपेक्षा हळू चालत होती. सांडू माझ्याकडं बघत होता. फारूख कॅमेरा पिशवीत ठेवायचं सोडून माझ्याकडं बघत होता.

*चुकून नाही. राहू द्या,* मी लिहिलं.

आणि पाठवायच्या आधी, तेवढंसुद्धा तिला वाचून दाखवलं.